पोलीस दारात, दिराने हात धरला : आता शिक्षा किती आणि पुढे काय?

वाचकाचे पत्र

वकीलताई, नमस्कार. आम्ही तासगाव तालुक्यातले. द्राक्षबाग आहे. अवकाळीने बाग गेली त्या वर्षी औषध-खताच्या उधारीपोटी मिस्टरांनी दुकानदाराला दिलेला चेक वटला नाही आणि केस झाली. सुरुवातीच्या तारखांना ते गेले, मग छाटणीच्या गडबडीत जाणं राहिलं. गेल्या महिन्यात सकाळी सहाला दोघं जण साध्या कपड्यांत आले आणि "चल, वॉरंट आहे" म्हणून मिस्टरांचा दंड धरला. मी वॉरंट मागितलं तर म्हणाले, "ठाण्यात बघ." माझा धाकटा दीर मध्ये पडला. दोघांतल्या एकाला आम्ही गणपतीच्या बंदोबस्तात पाहिलेलं होतं, दुसरा अनोळखी. ओढाओढीत त्यांतले एक हवालदार पायरीवरून पडले, कोपर खरचटलं. मलाही एकाने ढकललं. मिस्टरांना त्याच दिवशी कोर्टाने वॉरंट रद्द करून सोडलं, पण संध्याकाळी दोघा भावांवर नवा गुन्हा दाखल झाला : कलम १३२, १२१(१), २६२, २६३ आणि ३(५). मिस्टरांना ठाण्यात हजर राहायची नोटीस आलीय. दीर त्या दिवसापासून मावशीच्या गावी आहे. तो पोलीस भरतीची तयारी करतोय. गावात कुणी म्हणतं पाच वर्षं आत जाणार, कुणी म्हणतं पैसे देऊन मिटेल, कुणी म्हणतं उलटी केस टाका. पुतण्याने मोबाइलवर थोडं शूटिंग केलंय. आम्ही काय करावं?

— एक वाचक, जि. सांगली

उत्तर

ताई, नमस्कार.

बाकी सगळं नंतर. आधी दिराला फोन करा आणि परत बोलवा. ठाण्यात नाही, वकिलाकडे. तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट मला त्या कलमांपेक्षा त्याचं मावशीकडे राहणं वाटते. त्याच्यावर लागलेल्या कलमांना आज उत्तर आहे. पण तो जितके दिवस सापडत नाही, तितकं "आरोपी फरार आहे" हे वाक्य तपासाच्या कागदांत पक्कं होत जातं. पुढे कोर्टाने उद्घोषणा, म्हणजे हजर होण्याचा जाहीर हुकूम, काढली आणि तरी तो आला नाही, तर भारतीय न्याय संहितेच्या (जुन्या दंड संहितेच्या जागी आलेल्या कायद्याच्या) कलम २०९ खाली तो वेगळाच गुन्हा होतो. त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दारातल्या दोन मिनिटांच्या झटापटीसाठी एवढं ओढवून घेऊ नका.

त्याच्यासाठी सांगलीच्या सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करावा लागेल. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या कायद्याचं, कलम ४८२. पूर्वी हेच ४३८ होतं आणि जुने वकील अजून तसंच म्हणतात. अर्जासोबत अंतरिम संरक्षण मागता येतं, म्हणजे अंतिम सुनावणी होईपर्यंत अटक होऊ नये. अर्जात त्याचं वय, शिक्षण, भरतीची तयारी, आधी एकही गुन्हा नसणं आणि तपासाला सहकार्य करायची तयारी हे सगळं यायला हवं. अर्जाबरोबर घटनेचं खरं वर्णनही यावं. "मी तिथे नव्हतोच" असलं काही लिहू देऊ नका. तुमच्याच पुतण्याच्या मोबाइलमध्ये तो दिसतोय.

मिस्टरांना आलेली नोटीस बहुधा त्याच संहितेच्या कलम ३५(३) ची आहे. ती अटकेची नोटीस नाही, उलट अटक टाळण्यासाठीच कायद्याने ठेवलेली वाट आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात उठसूट अटक करायची नाही, अटक का हवी याची कारणं लिहून ठेवायची, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात पोलिसांना आणि दंडाधिकाऱ्यांनाही बजावलं. नोटिशीप्रमाणे जो हजर राहतो, त्याला पोलिसांनी लेखी कारण दिल्याशिवाय त्या गुन्ह्यात अटक करायची नसते. जो हजर राहत नाही, त्याला करता येते. म्हणून दिलेल्या तारखेला, दिलेल्या वेळेला, वकिलाला सांगून जायचं आणि हजर राहिल्याची नोंद घ्यायची. ठाणे अंमलदाराने "साहेब नाहीत, उद्या या" म्हटलं तर तसा छोटा अर्ज देऊन पोच मागायची.

आता शिक्षेचं. गावात जे "पाच वर्षं" म्हणतायत, ते कुठून आलं ते मला ठाऊक आहे. महाराष्ट्रात "तीनशे त्रेपन्न लागला" हे वाक्य ग्रामसेवकापासून एसटी कंडक्टरपर्यंत सगळ्यांच्या तोंडात आहे. जुन्या दंड संहितेचं कलम ३५३ म्हणजे सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर. मूळ शिक्षा दोन वर्षांपर्यंत होती. २०१८ मध्ये महाराष्ट्राने राज्यापुरती दुरुस्ती करून ती पाच वर्षांपर्यंत नेली आणि खटला सत्र न्यायालयाकडे सोपवला. पण १ जुलै २०२४ पासूनच्या घटनांना भारतीय न्याय संहिता लागते. तुमची घटना गेल्या महिन्यातली आहे, म्हणजे कलम १३२. त्यात शिक्षा आहे दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. तरी ते अजामीनपात्र आहे, म्हणजे ठाण्यातून जामीन हक्काने मिळत नाही, कोर्टाकडे मागावा लागतो. अजामीनपात्र म्हणजे जामीन मिळतच नाही असा समज खेड्यापाड्यांत फार आहे. तो मनातून काढून टाका.

२६२ हे स्वतःच्या कायदेशीर अटकेला विरोध केल्याचं कलम, ते मिस्टरांवर. २६३ दुसऱ्याच्या अटकेला विरोध केल्याचं, ते दिरावर. तुमच्यासारख्या प्रकरणात दोन्हींना दोन वर्षांपर्यंत शिक्षा, आणि दोन्ही जामीनपात्र. २६३ मात्र ज्याला सोडवायला गेलात त्याच्यावरचा गुन्हा किती मोठा यावर वाढत जातं. तो माणूस फाशीची शिक्षा असलेल्या गुन्ह्यातला असता तर सात वर्षांपर्यंत गेलं असतं. चेकच्या खटल्यात तसं काही नाही. ३(५) म्हणजे दोघांचा समान उद्देश होता असं म्हणणं, पूर्वीचं ३४. त्याला वेगळी शिक्षा नाही.

जड आहे ते १२१(१). सरकारी नोकराला कर्तव्यापासून रोखण्यासाठी दुखापत केली, तर पाच वर्षांपर्यंत. जुन्या ३३२ मध्ये मूळ तीन होती, नव्या संहितेने पाच केली. आणि कायद्यात दुखापत म्हणजे हाड मोडलंच पाहिजे असं नाही, शरीराला वेदना झाली तरी ती दुखापत. त्यामुळे खरचटलेलं कोपर कायद्याच्या दृष्टीने किरकोळ नाही. हाड मोडलं असतं किंवा तशी गंभीर इजा झाली असती तर १२१(२) लागलं असतं : किमान एक वर्ष, कमाल दहा वर्षं, आणि दंड. थोडक्यात वाचलात असं मी म्हणेन, आणि हे तुम्हाला घाबरवण्यासाठी म्हणत नाही. पायरीवरून पडणाऱ्या माणसाचं मनगट मोडणं किती सोपं असतं हे तुम्हीही जाणता.

तुमचा खरा प्रश्न वेगळा आहे, तो मी पत्राच्या ओळींमधून वाचला. वॉरंट दाखवलं नाही, गणवेश नव्हता, मग अडवलं तर चुकलं काय?

इथे मला तुमच्याशी स्पष्ट बोलायला हवं. कायदा माणसाला स्वतःच्या आणि दुसऱ्याच्याही शरीराचं रक्षण करायचा हक्क देतो. पण न्याय संहितेचं कलम ३७ त्याला मर्यादा घालतं. सरकारी नोकर आपल्या पदाच्या अधिकारात, सद्भावनेने काही करत असेल, आणि त्यातून जीव जाईल किंवा गंभीर इजा होईल अशी रास्त भीती नसेल, तर ती कृती कायद्यात काटेकोर बसत नसली तरी तिच्याविरुद्ध हात उगारायचा हक्क मिळत नाही. सोप्या शब्दांत : अटकेच्या पद्धतीत खोट असली तरी ती खोट दारात झटापट करून दुरुस्त करायची नाही. त्याच कलमाला एक स्पष्टीकरण जोडलेलं आहे. समोरचा सरकारी नोकर आहे हे माहीत नसेल आणि तसं मानायला कारणही नसेल, तर हक्क जात नाही. तोतया पोलिसांचे प्रकार घडतात, सकाळी सहाला साध्या कपड्यांतली दोन माणसं घरातल्या कर्त्या माणसाचा दंड धरतात, तर घरच्यांना वाटणारी भीती खरी असते. हा बचाव पोकळ नाही.

पण तुम्हीच लिहिलंय की दोघांतला एक ओळखीचा होता, बंदोबस्तात पाहिलेला. हे एक वाक्य त्या बचावाला मोठा धक्का आहे. तुमच्या वकिलांना ते सांगा, लपवू नका. त्यांना ते उलटतपासाच्या दिवशी कोर्टात कळणं सगळ्यात वाईट. दिराने त्या ओळखीच्या माणसाला त्या क्षणी ओळखलं होतं का, अंधुक उजेड होता का, त्याच्याशी झटापट झाली की अनोळखी माणसाशी, हे तपशील महत्त्वाचे ठरतील. ते आजच, आठवण ताजी असताना, प्रत्येकाने स्वतंत्र कागदावर वकिलासाठी लिहून काढा. एकमेकांना विचारून जुळवलेलं नको.

तुमच्या बाजूने असलेली मोठी गोष्ट म्हणजे ते न दाखवलेलं वॉरंट. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७७ प्रमाणे वॉरंट बजावणाऱ्याने त्यातला मजकूर सांगायचा असतो, आणि मागितलं तर ते दाखवायचंच असतं. "ठाण्यात बघ" हे उत्तर कायद्यात नाही. २६२ आणि २६३ या दोन्ही कलमांचा गाभा "कायदेशीर अटक" हा आहे. म्हणून तुमच्या वकिलांनी चेकच्या खटल्याच्या कोर्टातून त्या वॉरंटची आणि रोजनाम्याची (कोर्टातल्या तारखेवारच्या नोंदींची) नक्कल आधी काढावी. वॉरंट कोणत्या तारखेचं, जामीनपात्र की अजामीनपात्र, कोणाच्या नावे, त्या सकाळी ते चालू होतं का. वॉरंट रद्द होईपर्यंत किंवा बजावलं जाईपर्यंत जिवंत राहतं, त्यामुळे बहुतेक वेळा ते चालूच निघतं. तरी पाहिल्याशिवाय सोडायचं नाही.

दुसरी गोष्ट बळाची. १३२ साठी हल्ला किंवा फौजदारी बळ लागतं, आणि तेही कर्तव्यापासून रोखण्याच्या हेतूने. नुसतं ओरडणं, हुज्जत घालणं, वॉरंट मागत राहणं, रडणं याने १३२ होत नाही. बळ न वापरता केलेला अडथळा असेल तर कलम २२१ आहे, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा अडीच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्याची दखल कोर्ट संबंधित सरकारी नोकराच्या किंवा त्याच्या वरिष्ठाच्या लेखी तक्रारीवरच घेऊ शकतं. तरीही जिल्हा न्यायालयांत मी वर्षानुवर्षं बघतेय, शब्दाला शब्द लागला की जड कलम लागतं. शिक्षक, शेतकरी, पेशंटचे नातेवाईक, कोणीही. हे चूक आहे, आणि कोर्टं ते वेळोवेळी दाखवून देतात.

ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असाच एक निकाल दिला. मध्य प्रदेशातला एक पटवारी, म्हणजे आपल्याकडचा तलाठी, लाचेच्या सापळ्यात सापडला, पथकाने धरल्यावर त्याने ढकलाढकल करून निसटायची धडपड केली आणि त्याला ३५३ खाली शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. पकडीतून सुटायची धडपड म्हणजे हल्ला करण्याचा हेतू नव्हे, असं त्या निकालाचं सार आहे. तुमच्या मिस्टरांना हा निकाल चांगला उपयोगी पडेल, कारण पत्रावरून त्यांनी कुणाला हात लावलेला दिसत नाही. दिराचं तसं नाही. त्याला कुणी धरलं नव्हतं, तो बाहेरून मध्ये आला. त्याच्या बाबतीत प्रश्न असा की त्याने हवालदाराला ढकललं, की भावाला आपल्याकडे ओढलं आणि त्या ओढाताणीत हवालदार पडले? १२१ ला दुखापत जाणूनबुजून केलेली लागते. पायरीवरून तोल जाणं आणि ढकलून पाडणं यांत पाच वर्षांचं अंतर आहे. हवालदारांचं वैद्यकीय प्रमाणपत्र, तपासणीची वेळ, जखमेचं वर्णन आणि एफआयआरमधली हकीकत एकमेकांशी जुळतात का, हे तुमचे वकील पाहतीलच. दोघा भावांचा बचाव एकच नाही, हे मात्र त्यांना आवर्जून सांगा. गरज वाटली तर दोन वकील करा. भावा-भावांत एकच वकील हवा हा हट्ट कुटुंबाला बरा वाटतो, पण कधीकधी धाकट्याला महाग पडतो.

पुतण्याच्या शूटिंगकडे वळते. ते कुठल्याही ग्रुपवर टाकू नका. टाकलं असेल तर आणखी पसरवू नका, आणि मूळ फाइल त्या मोबाइलमधून अजिबात हलवू, कापू किंवा नाव बदलू नका. मोबाइल विकणं, फॉरमॅट मारणं, दुरुस्तीला देणं सगळं बंद. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. ते कसं तयार करायचं ते वकील सांगतील. व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली प्रत मूळची जागा घेऊ शकत नाही. शूटिंग करणंच गुन्हा आहे असं कुणी दरडावलं तर घाबरू नका. पोलीस ठाणं हे सरकारी गुपितं कायद्यातलं निषिद्ध ठिकाण नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२२ मध्ये वर्ध्याच्या एका प्रकरणात सांगितलंय. तुमचं शूटिंग तर तुमच्याच अंगणातलं आहे. फक्त ते संपूर्ण पाहिल्याशिवाय "आमच्या बाजूचा पुरावा" असं समजू नका. कॅमेरा कुणाचीच बाजू घेत नाही. आधी वकिलाला दाखवा.

तुम्हाला ढकललं, त्याबद्दल. महिलेला अटक करताना पुरुष पोलिसाने तिला हात लावायचा नसतो, महिला अधिकारी लागते. सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी महिलेला अटक करायची नसते, अगदी अपवादात्मक कारण असेल तर महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. तुम्ही आरोपी नाही, तुम्हाला अटक होत नव्हती, त्यामुळे हे नियम तुमच्या प्रसंगाला जसेच्या तसे लागत नाहीत. पण दारात उभ्या असलेल्या बाईला ढकलून देणं याला कोणत्याही वॉरंटची परवानगी नसते. तुम्हाला लागलं असेल आणि तेव्हा दवाखान्यात गेला असाल तर ते कागद जपून ठेवा.

मग उलटी केस टाकावी का? खरं घडलंय तेवढ्यापुरती तक्रार जरूर करा. पोलीस अधीक्षकांकडे लेखी, पोचसह : वॉरंट मागूनही दाखवलं नाही, ओळख सांगितली नाही, मला ढकललं. अटक करणाऱ्याच्या अंगावर नावाची स्पष्ट पट्टी हवी, अटकेचा मेमो घरच्या किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाच्या सहीने व्हायला हवा आणि घरच्यांना कळवायला हवं, ही सगळी बंधनं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डी. के. बसू निकालात घातली आणि आता ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आणि त्याच्या आसपासच्या कलमांत आहेत. यातलं जे झालं नाही ते मुद्देसूद लिहा. तिथे दाद मिळाली नाही तर राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आहे, मानवी हक्क आयोग आहे, दंडाधिकाऱ्यांपुढे अर्ज आहे. पण "दबाव आणायला विनयभंगाचं कलम घालू" असा सल्ला कोणी दिला, तर त्या माणसाला पुन्हा दारात उभं करू नका. खोटं एक वाक्य तुमच्या खऱ्या दहा वाक्यांना बुडवतं. शिवाय खोटी फिर्याद देणं हाही गुन्हाच आहे.

पैसे देऊन मिटवण्याचं तर बोलूच नका. १३२ हे तडजोडीने मिटणारं कलम नाही. हवालदारांची इच्छा असली तरी ते स्वतः गुन्हा मागे घेऊ शकत नाहीत, कारण फिर्याद त्यांची असली तरी खटला सरकारचा आहे. मधला माणूस पैसे घेईल, आरोपपत्र तरीही जाईल, आणि लाच देणं हा तुमच्याच नावावर तिसरा गुन्हा होईल. कायदेशीर वाट हवी असेल तर गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात त्याच संहितेच्या कलम ५२८ खाली अर्ज करता येतो. त्यासाठी आता मुंबई गाठायला नको. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालंय आणि सांगली जिल्हा त्यात येतो. पण वकिलांनी वॉरंट, वैद्यकीय कागद आणि शूटिंग पाहून "यात दम आहे" म्हटलं तरच. घाईने केलेला आणि फेटाळला गेलेला अर्ज पुढे अडचण करतो.

आणखी एक सल्ला तुम्हाला नक्की मिळेल : "गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा." दिराने हे करू नये. दंड कितीही छोटा असला तरी ती दोषसिद्धी असते, आणि पोलीस भरतीच्या चारित्र्य पडताळणीत तीच उभी राहते. खटला प्रलंबित असणं वेगळं, शिक्षा झालेली असणं वेगळं. प्रलंबित गुन्ह्यामुळे अर्ज आपोआप बाद होत नाही, नेमणूक करणारे अधिकारी गुन्ह्याचं स्वरूप पाहून ठरवतात. भरतीच्या फॉर्ममध्ये आणि साक्षांकन नमुन्यात हा गुन्हा त्याने लिहायचाच. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग खटल्यात हे सविस्तर सांगितलंय. माहिती दडवल्यामुळे हातची नोकरी गेलेली मुलं मी पाहिली आहेत, त्यांतल्या काहींचा मूळ गुन्हा अगदी क्षुल्लक होता. पोलीस खात्यात त्याच्या प्रकरणाकडे जास्त बारकाईने बघतील हे मी त्याला गोड शब्दांत लपवून सांगणार नाही. तयारी सोडू नकोस, पण दुसऱ्या परीक्षांचे फॉर्मही भर, असं त्याला माझ्याकडून सांगा. समजा उद्या दोष सिद्ध झालाच, तर पहिलाच गुन्हा असलेल्या तरुणाला तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडायची तरतूद १९५८ च्या परिवीक्षा कायद्यात आहे. दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता टाळण्यासाठी त्याच्या कलम १२ चा आधारही मागता येतो. वकिलांच्या लक्षात असेलच, तरी तुम्ही आठवण करा.

हे सगळं ज्यातून सुरू झालं, तो चेकचा खटला. वॉरंट रद्द झालं म्हणजे खटला संपला नाही. पुढची तारीख चुकली तर पुन्हा वॉरंट, आणि या वेळी कोर्टही कडक असेल. चेकचा खटला कोणत्याही टप्प्यावर तडजोडीने मिटवता येतो. दुकानदाराशी हप्ते ठरवा, ते लोकअदालतीत कागदावर आणा, झेपतील तेवढेच हप्ते कबूल करा. बागेचा पैसा कधी येतो हे दुकानदारालाही माहीत असतं. वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, मदतीचा क्रमांक १५१००. महिलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, त्यामुळे तुमच्या स्वतःच्या तक्रारीसाठी तुम्हाला मिळेल. मिस्टर आणि दिरांसाठी उत्पन्नाची अट आहे, ती तिथे विचारा.

हे सदर वाचणाऱ्या इतरांपैकी कितीतरी जणांच्या तारखा अशाच चुकलेल्या असतील. मोटार अपघाताची केस, बांधाच्या भांडणाची, चेकची. वॉरंट निघालंय असं कळलं किंवा नुसता संशय आला, तरी वकिलाला घेऊन स्वतः कोर्टात उभं राहा आणि वॉरंट रद्द करण्याचा अर्ज द्या. गैरहजेरीचं खरं कारण सांगा, दवाखान्याचे कागद असतील तर जोडा. स्वतःहून आलेल्या माणसाकडे कोर्ट वेगळ्या नजरेने पाहतं. थोडा दंड होईल, अर्धा दिवस जाईल.

आणि कुणी दारात आलंच, तर नाव आणि ठाणं विचारा, ओळखपत्र मागा, वॉरंट मागा. संशय असेल तर ११२ वर किंवा ठाण्यात फोन करून खात्री करा. हे सगळं मोठ्या आवाजात, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं विचारलंत तरी हरकत नाही. पण दार आतून लावून घेऊ नका. अटक करायचा माणूस आत असेल तर, आत येऊ द्या असं सांगूनही दार उघडलं नाही तर ते तोडायचा अधिकार कायदा देतो. जीपसमोर आडवं पडू नका, कुणाचा हात धरू नका, लहान मुलांना मध्ये उभं करू नका. अटक होणाऱ्याने "मी येतो" असं तोंडाने म्हटलं की पुरे. मग त्याच्या अंगाला हात लावायचीही गरज उरत नाही, आणि जरुरीपेक्षा जास्त जखडून ठेवायला कायद्यानेच मनाई आहे. घरातल्या एकाने मागोमाग ठाण्यात जावं, मेमोवर सही करताना वेळ नीट पाहावी, वकिलाला कळवावं. वॉरंटशिवायची अटक असेल तर कारणं लेखी आणि आपल्याला समजणाऱ्या भाषेत मागावीत. २०२५ मध्ये मुंबईतल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते बंधनकारक केलंय. चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं केलं जातं. मारहाण झाली असेल, वॉरंट दाखवलं नसेल, तर ते तिथे, त्याच वेळी, स्वतःच्या तोंडाने सांगायचं. वकील बोलेल म्हणून गप्प राहायचं नाही. दंडाधिकाऱ्यांनी नोंदवलेलं ते एक वाक्य पुढे वर्षभराने दिलेल्या दहा पानी तक्रारीपेक्षा जास्त उपयोगी पडतं. मिस्टरांना त्या दिवशी कोर्टात उभं केलं तेव्हा ते असं काही बोलले होते का, हे त्यांना विचारा आणि रोजनाम्याच्या नकलेत त्याची नोंद आहे का ते पाहा.

एफआयआरची प्रत मिळाली नसेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर शोधा, किंवा ठाण्यात अर्ज द्या. ती, नोटीस, चेकच्या केसचे कागद आणि पुतण्याचा मोबाइल एवढं घेऊन दोघा भावांना याच आठवड्यात वकिलाकडे बसवा. मिस्टरांची नोटिशीची तारीख आधी बघा, ती चुकवू नका.

तुमची,
वकीलताई